कनूतून कँपिंग: फजितीसकट सांगा

न्यू यॉर्क राज्याच्या उत्तरेला, ॲडिरॉन्डॅक्सच्या डोंगरांमध्ये सेंट रेजिस कनू एरिया आहे. छोटीमोठी ५८ तळी आणि मोटरबोटींना बंदी. गेल्या सप्टेंबरात नवरा आणि मी तिथे तीन दिवस राहून आलो. पहिला अर्धा तास कनू, म्हणजे आमची निमुळती वल्ह्यांची होडी, गोल गोल फिरत होती, कारण दोघंही तिला वळवत होतो! दिशा मागच्याने सांभाळायची, पुढच्याने नुसतं वल्हवायचं. मागचा प्रत्येक फटक्याच्या शेवटी वल्हं बाहेर वळवतो, इंग्रजी 'जे' काढल्यासारखं. हे कळायला दुपार झाली. दुसऱ्या दिवशी जागा बदलल्या आणि तेच भांडण पहिल्यापासून.

एका तळ्यातून दुसऱ्यात जाताना कनू उलटी करून खांद्यावर घ्यायची. बाकीचे ह्याला पोर्टेज म्हणतात, तिथले लोक 'कॅरी'. आमची कनू केवलार नावाच्या हलक्या, मजबूत धाग्याची, वीसेक किलोची, म्हणजे हलकीच. पण आत डोकं घातलं की फक्त आपले बूट दिसतात, आणि आपल्याबरोबर एक डास असतो. हात मोकळे नसतात हे त्याला माहीत असतं.

रात्री लून पक्षी ओरडला. मला वाटलं कुणीतरी बुडतंय, नवऱ्याला वाटलं लांडगा.

आता तुमचे अनुभव येऊ द्या. सल्ले चालतील, पण फजिती आधी.

बॉस्टनहून

आम्ही चौघं मित्र अलागाशला गेलो होतो. मेन राज्याच्या उत्तर टोकाचा ९२ मैलांचा जलमार्ग, १९६६ पासून राज्याने राखलेला. नदी उत्तरेकडे वाहते, त्यामुळे पहिला दिवसभर नकाशा उलटा धरल्यासारखं वाटत होतं.

चेंबरलेन तळ्यावर काठाकाठाने जायचं सोडून आम्ही मधून शॉर्टकट मारला. दुपारी समोरून वारा सुटला. दीडेक फुटाच्या लाटा, कनूच्या नाकावरून पाणी आत. डावीकडे काठावर एक वाळलेला पाइन होता. तासभर जीव तोडून वल्हवलं आणि तो पाइन तिथेच, बरोबर डावीकडे. शेवटी काठाला लागून संध्याकाळपर्यंत बसून राहिलो. नंतर रोज पहाटे पाचला उठायचो आणि नऊच्या आत मोकळं पाणी ओलांडायचो.

चेंबरलेन आणि ईगल तळ्यांच्या मधल्या जंगलात वाफेची दोन इंजिनं गंजत उभी आहेत, लाकूडतोडीच्या काळातली. आसपास गाव नाही, रस्ता नाही. बॉयलरच्या अगदी शेजारी झाडं वाढलीयत. मी बराच वेळ हात लावून उभा होतो.

पुढे चर्चिल धरणाखाली चेस रॅपिड्स, म्हणजे दगडांतून उसळत धावणारं पाणी. तिथले रेंजर थोडे पैसे घेऊन सामान ट्रकने खाली पोचवतात. सगळं दिलं, भाजणीचा डबा तेवढा कनूत राहिला. एका दगडावर आपटलो, कनू अर्धी भरली, झाकण उडालं. थालीपीठाचं पीठ नदीनेच भिजवून दिलं.

कनेक्टिकटहून

आमचा ठेचा रकूनने पळवला. सकाळी डबा झुडपात मिळाला, ठेचा अर्धा शिल्लक. रकून पुन्हा फिरकला नाही.

व्हरमाँटहून

माझी फजिती नाही, तक्रार आहे. ग्रीन रिव्हर रिझर्व्हॉयर ह्या जलाशयावर तंबूच्या दूरच्या जागांवर फक्त पाण्यातूनच जाता येतं. लोक शांततेसाठी येतात. रात्री पाण्यालगतची हवा गार होते आणि आवाज वर न जाता पाण्यावरून सरळ पलीकडे पोचतो. समोरच्या काठावर अकरा वाजता अंताक्षरी रंगली होती. 'म' कुणावर आलाय हेसुद्धा आम्हाला इकडे कळत होतं. आणि हो, गाणी मराठी होती.

एडिसनहून

एवढं लांब कशाला, आमच्या साउथ जर्सीतल्या पाइन बॅरन्समध्येही मजा आहे. सासरे आले होते तेव्हा त्यांना वेडिंग (Wading) नदीवर नेलं. तिथलं पाणी कोऱ्या चहासारखं, सीडरच्या झाडांमधल्या टॅनिनमुळे आणि मातीतल्या लोहामुळे. सासऱ्यांचं बालपण दाभोळच्या खाडीकाठी गेलेलं. दहा मिनिटं ते माझं बघत गप्प बसले. मग म्हणाले, "जावईबापू, वल्हवताय की ताक घुसळताय?" माझ्या हातातून वल्हं घेतलं. वळणावर पडलेल्या झाडाखालून कनू अशी काढली की फांदीवरचं कासवसुद्धा हललं नाही.

ऑल्बनीहून

माझं हसण्यासारखं नाही. न्यू यॉर्कमध्ये १ नोव्हेंबर ते १ मे छोट्या होडीत लाइफ जॅकेट अंगात असणं सक्तीचं आहे. आम्ही ६ मेला गेलो, म्हणजे कायद्यातून सुटलो, थंडीतून नाही. ऊन छान होतं, मी जीन्स आणि सुती शर्टात. माशाचा फोटो काढायला वाकलो आणि उलटलो. पाणी बर्फ वितळून थोडेच दिवस झालेलं. आधी श्वासच घेता येईना, नुसते हुंदके. काठ तीस-चाळीस पावलांवर. कनूची दोरी हातात होती पण बोटं मिटेनात, ती मनगटाला गुंडाळली. वर आल्यावर जॅकेटचं बकल बायकोने काढलं. हो, जॅकेट घातलं होतं, तिने आरडाओरडा केला म्हणून. जीन्स वाळायला दोन दिवस लागले.

धागा काढणारी

ऑल्बनी, वाचताना हात गार पडले. वहिनींना नमस्कार सांगा.
बॉस्टन, त्या थालीपिठाचं पुढे काय झालं? चूल पेटवू देतात का?

बॉस्टनहून

देतात. ठरलेल्या जागी, लोखंडी कड्यात. लाकडं मात्र बाहेरच्या राज्यातून आणायला मेनमध्ये बंदी, त्यातून कीड पसरते. तवा ट्रकमधून आला नव्हता, म्हणून डब्याच्या झाकणावर थापलं. एक बाजू करपली, दुसरी कच्ची. भांडून खाल्लं.