काचेला चिकटलेला ग्रुप फोटो

'२०१९ च्या पुरात सांगलीच्या गावभागातले सगळे जुने फोटो गेले, आता शाळेचे कुठून आणायचे' असं वर लिहिलंय. गेले हे खरं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर पोचलं होतं, तिथं फोटोंचं काय घेऊन बसलात. पण सगळेच गेले असं नाही. आमचा दहावीचा फोटो फ्रेमसकट भिजला आणि वाळल्यावर काचेला चिकटून बसला. फोटोवरचा जिलेटिनचा थर ओला झाला की काच धरून ठेवतो. ओढून काढलात तर चेहरे काचेवर राहतात, हातात येतो पांढरा कागद. मागचा पुठ्ठा सुटत असेल तर तेवढा हळूच काढा आणि काचेसकट स्कॅन करा. आमच्या स्कॅनमध्ये वरच्या रांगेत थोडे डाग आले, पण सरांच्या कोटाचं तुटकं बटणसुद्धा दिसतं.

विश्रामबागच्या बाजूला राहायला गेलेल्या वर्गमित्रांकडेही विचारा, तिकडचे बरेच फोटो कोरडे आहेत. आणि कुणाला कडेला उभ्या शिपाईमामांचं पूर्ण नाव आठवतंय का? खाली सगळ्यांची नावं छापलीत, नेमकं त्यांचंच नाही.