सण संपले, थंडी आत्ता आली: घर पुन्हा सजवायचं की रिकामं करायचं?

माजघर

दिवाळीच्या माळा नाताळसाठी तशाच राहतात, मग एकतीस डिसेंबरसाठी राहतात, पुढे "संक्रांतीचं हळदीकुंकू आहेच" म्हणून रथसप्तमीपर्यंत लोंबतात. तोवर कंदिलाचा कागद विटलेला असतो आणि दाराच्या तोरणातल्या झेंडूचा भुगा उंबऱ्यावर पडत असतो. खरं तर तुळशीची लग्नं लागून त्रिपुरी पौर्णिमा झाली की कंदील उतरवायचा असतो. आता निदान जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तरी सणाचं सगळं काढावं आणि घर मुद्दाम हिवाळ्यासाठी लावावं, असं माझं मत आहे. मुंबईत अंगावर काही घ्यावंसं वाटेल अशी थंडी याच महिन्यात पडते. सांताक्रूझला पारा पहाटे सोळा-सतरापर्यंत येतो. (२२ जानेवारी १९६२ ला तो ७.४ वर गेला होता, आजवरचा नीचांक.) हे पाच-सहा आठवडे पंख्याविना बसता येतं, मग बैठकीची खोली त्या बसण्यासाठी लावायला काय हरकत आहे?

आधी उतरवण्याचं. पणत्यांच्या तेलाचे डाग कोटा किंवा मार्बलवर असतील तर ओल्या फडक्याने पुसू नका, तेल पसरतं. खडूची पूड किंवा मुलतानी माती जाडसर पसरून रात्रभर ठेवा, सकाळी झाडून घ्या, लागलं तर पुन्हा करा. भिंतीवरची काजळीही आधी कोरडीच काढायची. कणकेचा घट्ट गोळा हलक्या हाताने दाबत न्या, घासू नका. पाणी लावलंत की तिचा राखाडी पट्टा होतो आणि तो रंग मारूनच जातो. चिकटवलेल्या हुकांची पट्टी भिंतीला समांतर, खाली सावकाश ओढायची. डिस्टेंपरवर लावले असतील तर पापुद्रा निघणारच. हेअर ड्रायरची ऊब अर्धा मिनिट दिली तर कमी निघतो.

आता लावण्याचं. संध्याकाळी ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब बंद, कोपऱ्यात बसल्या उंचीवर २७०० ते ३००० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा एक दिवा. पावसाळ्यात गुंडाळलेली सतरंजी बाहेर, सोफ्याच्या पाठीवर गोधडी. दक्षिणेची खिडकी असेल तर तिथली खुर्ची दुपारच्या उन्हात सरकवा. मुंबई एकोणीस अक्षांशावर, म्हणजे जानेवारीच्या मध्याला दुपारचा सूर्य साधारण पन्नास अंशांवर असतो. खिडकीची वरची कड सात फुटांवर आणि दीड फुटाचा छज्जा असला तरी ऊन चार-साडेचार फूट आत येतं. जूनमध्ये याच खिडकीत दुपारचं ऊन शिरत नाही, कारण तेव्हा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला गेलेला असतो.

झाडू_पोछा

उतरवण्याच्या भागाला पूर्ण अनुमोदन. लावण्याच्या भागाला साफ विरोध.

मुंबईत हिवाळा हा धुळीचा मोसम आहे. चार महिने पावसाने धुतलेलं शहर नोव्हेंबरपासून कोरडं पडतं. रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, दिवसाचा खारा वारा उशिरा सुटतो, आणि सकाळची थंड हवा खालीच बसून राहते. वर गल्लोगल्ली पुनर्विकास. पालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांभोवती उंच पत्रे, हिरवं कापड, पाण्याचे फवारे बंधनकारक केले ते उगीच नाही. आणि नेमक्या याच वेळी तुम्ही घरात सतरंजी, गोधडी आणताय. घरातलं प्रत्येक कापड म्हणजे न धुतलेला फिल्टर. सोफ्याच्या पाठीवरची गोधडी तर डोक्याच्या मागे, श्वासाच्या उंचीवर.

हिवाळ्यासाठी घर लावायचं म्हणजे घरातलं कमी करायचं. पडदे सुती आणि एकेरी, जमिनीपासून बोटभर वर. शोकेसमधल्या निम्म्या वस्तू डब्यात. आठवड्यातून एकदा पंख्याची पाती पुसा. जुन्या उशीचा अभ्रा पात्यावर चढवून ओढून घेतला की धूळ पलंगावर न पडता अभ्र्यात राहते. मच्छरजाळी मऊ ब्रशने, साबणाच्या पाण्याने. एसी बंद आहे म्हणून त्याची जाळी विसरू नका, मार्चमध्ये पहिल्याच दिवशी सगळी धूळ अंगावर येते. खिडक्या पहाटे उघडायची सवय या दोन महिन्यांपुरती सोडा. साधारण बारा ते चार उघडा, तेव्हा वारा फिरलेला असतो आणि हवा वर उचलली जाते.

माजघर

> घरातलं प्रत्येक कापड म्हणजे न धुतलेला फिल्टर

न धुतलेलं असेल तर. गोधडी म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंतचा गालिचा नव्हे. दोन गोधड्या आलटून पालटून ठेवा, दर पंधरवड्याला एक धुवा. पातळ, जुन्या लुगड्यांची चार-पाच पदरी गोधडी याच हवेत दुपारच्या उन्हात दिवसभरात वाळते. ऑगस्टमध्ये ती तीन दिवस कुबट वास मारेल. म्हणजे ज्या मोसमात कापड वापरणं सोपं, त्याच मोसमात तुम्ही ते डब्यात घालायला सांगताय.

झाडू_पोछा

पंधरवड्याला गोधडी धुणारी घरं किती, ते सोडून देऊ. धुण्याचं पाणी किती तापमानाचं? धुळीतले बारीक किडे मारायला साठ अंशांच्या आसपासचं पाणी लागतं. थंड पाण्यात बरेचसे वाहून जातात, मरत नाहीत. मुंबईची हवा कोरडी म्हणतात ती पावसाळ्याच्या मानाने. सकाळची आर्द्रता जानेवारीतही त्या किड्यांना पुरेशी असते. घरात दमेकरी असेल तर सतरंजीही नको.

माजघर

दमेकरी असेल तर नको, कबूल. पण दम्याचा नियम सरसकट सगळ्या घरांना लावू नका. बाकी पडदे जमिनीपासून बोटभर वर, हे उत्तम.

अर्थिंग

कापडावर तुमचं चालू द्या. मला माळांबद्दल बोलायचंय. "उतरवा" एवढंच म्हणून सोडून दिलंय आणि निम्मे लोक उतरवणार नाहीत.

लोहार चाळीत, मुंबईच्या विजेच्या सामानाच्या बाजारात, किलोच्या भावाने मिळाल्यासारख्या येणाऱ्या स्वस्त एलईडी माळेत ट्रान्सफॉर्मर नसतो. प्लगजवळच्या चौकोनी डबीत चारदोन डायोड आणि लुकलुकण्याचं सर्किट, बस. म्हणजे माळेचा प्रत्येक बिंदू थेट २३० व्होल्टला जोडलेला. ही घरात दहा दिवस वापरायची चीज. ऑक्टोबर ते जानेवारी ग्रिलवर ठेवली की उन्हाने तारेचं वेष्टण कडक होतं आणि वाकते तिथे तडकतं. त्यात ती लोखंडी ग्रिलला बाइंडिंग वायरने आवळलेली. रंग उडालेली ग्रिल, तडकलेली तार, आणि सकाळी कुंड्यांना घातलेलं पाणी. ग्रिलला हात लावणारा माणूस जमिनीवर अनवाणी उभा असतो.

दुसरी जागा सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडकीची. तार फटीतून बाहेर काढून वर काच सरकवतात. दर उघडझाकीला पट्टी तारेला कापते. माळेचा अर्धा भाग अचानक विझला की आधी तिथे पाहा. दिवे सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेले असतात, एक जोड तुटला की तो सगळा तुकडा जातो. तार एसीच्या पाइपच्या भोकातून न्या आणि उरलेली फट पुट्टीने बुजवा, नाहीतर झुरळं आणि धूळ दोन्ही आत.

कायमचा उजेड हवा असेल तर १२ व्होल्टची पट्टी घ्या. मीटरला ४.८ वॉटची पाच मीटर म्हणजे २४ वॉट, २ अँपिअर. अडॅप्टर ३ अँपिअरचा घ्या, काठोकाठचा घेतलात तर तो तापत राहतो. अडॅप्टर घरात, पडद्यामागे दडवलेला नको. पाच मीटरपुढे पट्टीला पट्टी जोडत जाऊ नका, शेवटाकडे उजेड मंद होतो. दुसरा तुकडा अडॅप्टरपासून वेगळ्या तारेने जोडा आणि त्या मानाने अडॅप्टर मोठा घ्या. बाहेर लावायची तर सिलिकॉनचं आवरण असलेली, आयपी ६५ (धूळ आणि पाण्याचे फवारे आत न जाणारी). रोज पाच तास लावली तर महिन्याला साडेतीन-चार युनिट. आणि बोर्डवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर सजावटीचे पैसे आधी तिथे घाला. असेल तर त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा.

कुंडीवाली

इतका वेळ धूळ आणि वायर चाललंय, फुलांचं कोणीच बोलेना! मुंबईत विलायती मोसमी फुलं कुंडीत फुलवायला हेच अडीच-तीन महिने मिळतात. पिटुनिया, डायन्थस, फ्लॉक्स, शेवंती. राणीबागेत पालिकेचं फुलांचं प्रदर्शन याच दिवसांत भरतं ते म्हणूनच. घर हिवाळ्यासाठी सजवायचं तर खिडकीतून सुरुवात करा. गोधडी नको, झाडू नको.

आठ इंची कुंडीत पिटुनियाचं एक रोप पुरे. नर्सरीतून उमललेलं आणू नका, कळ्या असलेलं आणा. ते बहुधा लाल चिकणमातीच्या गोळ्यात येतं, तो गोळा तसाच कुंडीत बसवला की वरची माती ओली आणि आतला गोळा दगडासारखा कोरडा राहतो. रोप आठवड्यात माना टाकतं आणि लोक म्हणतात पाणी कमी पडलं. आणल्यावर गोळा पंधरा मिनिटं बादलीत बुडवा, बाहेरची माती बोटांनी अलगद सोडवा, मग लावा. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) चार भाग, कंपोस्ट तीन, माती तीन. कोकोपीट आधी दोनदा पाण्यात भिजवून पिळून घ्या, त्यात मीठ असतं. पाणी बुडाशी, फुलांवर नाही. सुकलेलं फूल देठासकट खुडा, नुसत्या पाकळ्या ओढल्या तर बी धरतं आणि पुढची फुलं थांबतात. १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) लिटरला दोन ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा. पाच तास ऊन हवंच. उत्तरेच्या खिडकीत पिटुनियाच्या फंदात पडू नका.

आणि @अर्थिंग, ती कायमची पट्टी माझ्या शेवंतीजवळ नको. शेवंतीला कळी धरायला लांब, अखंड काळोखी रात्र लागते. ग्रिलवर रात्री अकरापर्यंत उजेड म्हणजे नुसती पानंच वाढणार.

अर्थिंग

फुललेली आणलेली शेवंती दिव्याने मिटणार आहे का?

कुंडीवाली

नाही. जिच्यात कळ्या आधीच धरल्यात ती फुलणारच. अडचण पुढच्या कळ्यांची. ओळीने लावलेली लुकलुकती माळ चार हातांवर असेल तर कदाचित चालेलही, पण तुमची २४ वॉटची पट्टी कुंडीच्या वीतभर वर असेल तर नाही. पॉइन्सेटिया याहून नाजूक, तिला रस्त्याचा दिवाही खुपतो. पट्टीला टायमर लावा, साडेसातला बंद.

अर्थिंग

साडेसातला बंद करायची तर लावायची कशाला? पट्टी पडद्याच्या पेल्मेटमध्ये, म्हणजे दांडा झाकणाऱ्या फळीच्या मागे, आतल्या बाजूला बसवा. उजेड छतावर पडेल, कुंड्या अंधारात राहतील.

कुंडीवाली

हे चालेल.

सोसायटी_नोटीस

कुंड्यांचं वजन कोणी धरलं का हिशेबात? आठ इंची कुंडीत नुसती बागेची माती भरून पाणी घातलं की सात-आठ किलो. अशा दहा कुंड्या बाहेर काढलेल्या ग्रिलच्या पत्र्यावर म्हणजे एक माणूस कायम तिथे बसल्यासारखा. जुन्या इमारतीत ती ग्रिल चार गंजलेल्या बोल्टांवर असते आणि पावसाळा नुकताच सरलाय. आधी बोल्टाभोवतीचं प्लास्टर टोकून बघा, पोकळ वाजलं तर एकही कुंडी नको. कोकोपीटच्या मिश्रणाने वजन जवळजवळ निम्मं होतं. कठड्यावर मोकळी कुंडी कधीच नाही. प्रत्येक कुंडीखाली खोल बशी, नाहीतर खालच्या मजल्याचे वाळत घातलेले कपडे लाल होतात आणि भांडण लेखी स्वरूपात आमच्याकडे येतं. ग्रिलची आपत्कालीन झडप मोकळी ठेवा, तिच्यासमोर कुंड्यांचा स्टँड नको.

आणखी एक. पावसात ओल आलेली बाहेरची भिंत जानेवारीत कोरडी दिसते, असतेच असं नाही. पाठीमागे सपाट चिकटलेली फ्रेम किंवा कापडी भिंतचित्र लावलं की दोन महिन्यांत मागे बुरशी. चारही कोपऱ्यांना रबराची बटणं लावून सेंटिमीटरभर फट ठेवा. वॉलपेपर तर त्या भिंतीवर अजिबात नको.

झाडू_पोछा

बघा, वायर नको, माती जड, भिंतीवर काही लटकवू नका. तिघांनी मिळून माझंच म्हणणं मांडलंत.

माजघर

तिघांनी *कसं* लावायचं ते सांगितलं. लावू नका फक्त तुम्ही म्हणताय. पंधरा दिवसांनी हळदीकुंकवाला बायका येतील, तेव्हा रिकाम्या शोकेसकडे बघत वाण घेणार का?

झाडू_पोछा

शोकेसकडे बघायला कोण येतं, तिळगूळ चांगला झाला पाहिजे. बरं, खिडकीत फुलं मान्य. बाहेर आहेत आणि पाणी घालताना पानंही पुसता येतात. गोधडी अजूनही अमान्य. फार तर पलंगाच्या पायथ्याशी घडी करून, सोफ्याच्या पाठीवर नाही. कंदिलाचा सांगाडा ठेवणार असाल तर बांबूच्या काड्या कडक उन्हात दिवसभर तापवा, कागदाच्या पिशवीत घाला, सोबत वाळलेला कडुलिंबाचा पाला. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि भुंगा लागतो. थर्माकोलचं मखर अजून माळ्यावर असेल तर ते पुन्हा वापरायचं नाहीच, राज्यात २०१८ पासून बंदी आहे. माळा पुठ्ठ्यावर गुंडाळा, आणि गुंडाळण्याआधी एकदा लावून बघा, बंद पडलेली जपून ठेवू नका.

कुंडीवाली

पानं पुसताना पिटुनियाची पुसू नका हं, ती चिकट आणि लवदार असतात, धूळ उलट लिंपली जाते. तिच्यावर सकाळी बारीक फवारा मारा, दुपारपर्यंत वाळेल असा. मार्चच्या मध्याला ऊन चढलं की ती संपते, तेव्हा उपटून कंपोस्टमध्ये. शेवंती मात्र टाकू नका. फुलं सरली की बुडापासून चार-पाच इंचांवर छाटा, बाजूने फुटवे येतील, ते सावलीत जपा. पावसात कुंडी छज्ज्याखाली हवी, तिची मुळं पाण्यात कुजतात.

सोसायटी_नोटीस

छज्ज्याखाली म्हणजे स्वतःच्या. जिन्यात नाही.