शेवटच्या पाण्यात काय टाकता तेही बघा
कुत्र्या-मांजराची गोधडी धुताना बिनवासाची पावडर घेतली की काळजी मिटली, असं म्हटलं जातं. कुत्र्यापुरतं ते बरंचसं पटतं. मांजर असेल तर मात्र पावडरीइतकंच शेवटच्या पाण्याकडे लक्ष द्या. घरोघरी त्यात झाकणभर डेटॉल टाकतात. त्यातलं क्लोरोझायलेनॉल हे जंतुनाशक रसायन मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाही, आणि मांजर तर दिवसभर अंग चाटत असतं! कृपा करून ते टाकू नका. कपडे मऊ करणारं सॉफ्टनरही नको.

आमच्या जळगावकडे बोअरचं पाणी जड. गोधडी वाळली की टाक्यांच्या ओळींत साबणाची पांढरी भुकटी दिसते, नखाने खरवडली तर निघते. अशा वेळी महागडी पावडर शोधण्यापेक्षा एक पाणी जास्त काढा.