मदत हवी आहे: पीटीच्या तासाला मुलं बाकावरून हलत नाहीत

मानेवाडा_टीचर: आमचे पीटीचे सर निवृत्त झाले, तास माझ्याकडे आला. मी गणिताची. शिट्टी वाजली की निम्मी मुलं मैदानात, निम्मी "मॅडम, पोट दुखून राहिलं" म्हणत बाकावर. रागावून झालं, पालकांना कळवून झालं. सोमवारी परत तास आहे. लवकर सांगा.

धरमपेठ_काका: वर्ग कोणता? मुलं की मुली? किती जण? तास किती वाजता?

मानेवाडा_टीचर: आठवी, ५२ जण. बसतात त्या जास्त करून मुली. तास डबा खाल्ल्यावर लगेच.

खोखोप्रेमी: खो-खो घ्या! जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, आपल्या पुरुषांनी जिंकला आणि महिलांनीही. तो सामना वर्गात दाखवा, पोरी उठतील.

सक्करदरा_बाबा: डबा खाऊन लगेच खो-खो? पोट खरंच दुखत असेल. आणि खो-खोत एका वेळी मैदानात १२ जण, त्यातले आठ बसलेले. उरलेल्या ४० जणांनी काय करायचं?

मी शाळेत जाड होतो. चेंडू मारून बाद करायच्या खेळात पहिल्या मिनिटाला बाहेर, मग तासभर भिंतीला टेकून उभा. ज्याला धावायची गरज जास्त, तोच जास्त वेळ उभा राहायचा. त्यात दोन कप्तान एकेकाला निवडायचे, माझं नाव शेवटी. ते अजून आठवते. साखळी घ्या. पकडला गेला तो हात धरून साखळीत येतो, बाहेर कोणीच जात नाही. गट हजेरी क्रमांकाने पाडा.

धरमपेठ_काका: लाड नका करू. दहावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, ते पालकांना सांगा.

सक्करदरा_बाबा: काका, ते स्पर्धेत नाव काढणाऱ्यांना. बाकावरच्या पोरीला त्याचं काय?

अमरावतीकर: बीपीएड (पीटी शिक्षकाची पदवी) करायचं असेल तर आमच्याकडे अमरावतीला या. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे.

मानेवाडा_टीचर: मला बीपीएड नाही करायचं! सोमवारचं सांगा.

दोन_लेकींची_आई: पीटीचा गणवेश पांढरा आहे का? माझी मोठी पाळीच्या दिवसांत त्या कपड्यांत धावायची नाही, पोट दुखते म्हणून बसायची. मला वर्षभरानं कळलं. सगळ्यांसमोर नका विचारू. शाळेच्या बाथरूममध्ये पाणी असते का, तेही बघा.

मानेवाडा_टीचर: पांढराच आहे. आणि मी त्यांना वर्गासमोर विचारत होते. फार वाईट वाटून राहिलं. गडद रंगाची ट्रॅक पँट चालेल का, हे आजच मोठ्या मॅडमना विचारते. बाबा, ५२ जणांत साखळी एकच ठेवायची का?

सक्करदरा_बाबा: नाही, चार ठेवा. टोकाच्या दोघांनीच पकडायचं. साखळीत चार झाले की तोडून दोन-दोनच्या दोन करा, नाहीतर मधले नुसते ओढले जातात. आणि जेवणानंतरची पहिली दहा मिनिटं झाडाखाली बसवूनच गट पाडा.