डेस्कटॉप लिनक्सवर एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकावा का?

मांजराकाठ (लातूर):
विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, तेव्हापासून आमच्याकडं ट्यूशनच्या लॅबमध्ये जुन्या डेस्कटॉपवर मिंट, उबुंटू हे लिनक्सचे प्रकार येऊ लागलेत. पहिला सल्ला ठरलेला असतो, ग्राफिक्स कार्डासाठी एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाका. मी म्हणतो टाकू नका, कर्नलसोबत (लिनक्सच्या गाभ्यासोबत) येणारा खुला ड्रायव्हर नूवोच ठेवा. आमच्या जीटी ७१० या जुन्या कार्डाला लागणारा ४७० शाखेचा ड्रायव्हर कंपनीनं २०२४ मध्येच सोडून दिला. मग नवा कर्नल आला की डीकेएमएसला (नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर आपोआप पुन्हा बांधणारं साधन) मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचा कर्नलमध्ये जोडला जाणारा भाग, बांधता येत नाही आणि काळ्या पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकतो. पोरं खोळंबलेली असताना कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टर्मिनलवर कोण जाणार? टायपिंग, ब्राउझर, पीडीएफ, एवढ्याला नूवोवर काही अडत नाही.

गोदाकाठ (नांदेड):
भाऊ, ७१० चं पटलं, पण तोच नियम सगळ्यांना लावू नका. माझं कार्ड १०५० टीआय. ९०० सिरीजपासून कंपनीची सही असलेलं फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) लागतं, त्यामुळं या कार्डावर नूवोला क्लॉक, म्हणजे कार्डाचा वेग, वाढवताच येत नाही. बूट होतानाच्या कमी वेगावर कार्ड पडून राहतं. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. नूवोवर ना कूडा (कार्डाकडून आकडेमोड करून घेण्याची एनव्हिडियाची सोय), ना एनव्हेंक (कार्डावरच व्हिडिओ एन्कोड करण्याची सोय). सगळा भार प्रोसेसरवर. लग्नसराईत असं कसं भागणार?

आणि काळ्या पडद्याचं म्हणाल तर बऱ्याचदा गडबड सिक्युअर बूटपाशी (सही न ओळखलेलं मॉड्यूल अडवणारी सोय) असते. ड्रायव्हर टाकताना उबुंटू एक पासवर्ड ठरवायला लावतं. पुढच्या बूटला निळा पडदा येतो, तिथं ‘एनरोल एमओके’ (म्हणजे मॉड्यूलच्या सहीची किल्ली नोंदवा) निवडून तोच पासवर्ड द्यायचा. लोक घाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबतात, मॉड्यूल लोड होत नाही आणि खापर ड्रायव्हरवर फुटतं.

मांजराकाठ:
एमओकेचं बरोबर आहे. पण पास्कलसाठी, म्हणजे तुमच्या कार्डाच्या पिढीसाठी, ५८० हीच ड्रायव्हरची शेवटची शाखा, हे कंपनीनं जाहीर केलंय. तुमचं १०५० टीआय ७१० च्याच वाटेवर आहे. धडधाकट कार्ड, आणि ड्रायव्हरचा सोर्स बंद म्हणून बाहेरच्या कुणाला तो दुरुस्त करता येत नाही. हे मला मनापासून खुपतं. आपल्याकडं मशीन मोडेपर्यंत वापरतात हो.

गोदाकाठ:
खुपतं मलाही. पण गिऱ्हाईक दारात उभं असतं तेव्हा तत्त्वावर रेंडर होत नाही. एलटीएस (दीर्घकाळ सपोर्टचा) कर्नल धरून ५८० वर चालेल तेवढं चालवणार.

वेरूळवाट (छत्रपती संभाजीनगर):
दोघंही जुन्या कार्डांवरच भांडताय. ट्युरिंग पिढीपासून, म्हणजे १६५० आणि पुढं, गोष्ट वेगळी आहे. २०२२ मध्ये एनव्हिडियानं त्यांच्यासाठी कर्नल मॉड्यूल खुलं केलं. जीएसपी या कार्डातल्या नियंत्रक प्रोसेसरच्या फर्मवेअरमुळं नूवोलाही क्लॉक वाढवता येतो, मेसा या खुल्या ग्राफिक्स संचातला एनव्हीके ड्रायव्हर व्हल्कनसाठी (गेम वगैरे वापरतात तो ग्राफिक्स इंटरफेस) वापरण्याजोगा झालाय. तरी कूडा लागत नसेल तर एएमडी घ्या. त्यांचा एएमडीजीपीयू ड्रायव्हर २०१५ पासून कर्नलमध्येच आहे, वेगळं काही टाकायचं कामच नाही.

आणि लॅबच्या मशीनमध्ये ऑनबोर्ड इंटेल ग्राफिक्स असेल तर ७१० ठेवलंयच कशाला?

मांजराकाठ:
कारण काही मदरबोर्डांचे व्हीजीए पोर्ट गेलेत. म्हणूनच ७१० बसवली होती. ज्यांचे पोर्ट चालू आहेत त्यांची कार्डं उद्या काढतो. बाकीची नूवोवरच राहतील.