लवाद म्हणजे नेमका कोण?

302: सेक्रेटरी साहेब, बाथरूमचा स्लॅब यंदाही गळतोय. तिसरा पावसाळा. बादली ठेवून ठेवून कंटाळले.

402: ताई, प्लंबर दोनदा बघून गेला. आमची लाइन कोरडी आहे. बाहेरच्या पाइपचं सोसायटीने बघावं.

सेक्रेटरी: कृपया ग्रुपवर भांडू नका 🙏 एखादा लवाद नेमू या का?

105: ज्याच्या नावातच वाद, तो काय मिटवणार 😄

704: लवकर वाद = लवाद

601 काका: त्यातला 'वाद' आपला नाहीच रे. मूळ शब्द पोर्तुगीज, लोव्हादो. पगार, चावी, लिलाव, परात ज्या गलबतातून आले त्यातूनच हाही उतरला.

105: म्हणजे गोव्याचा?

601 काका: गोवा म्हण, वसई म्हण. वसईसुद्धा 1739 पर्यंत त्यांच्याकडेच होती. 'लोव्हार' म्हणजे वाखाणणं.

402: भांडणात कोणाला वाखाणायचं काका?

601 काका: वाखाणणं म्हणजे पसंत करणं, तिथून मान्य करणं. इटलीत लवादाच्या निवाड्याला अजून 'लोदो' म्हणतात, मूळ तेच. 'याचा शब्द आम्ही मानू' असं दोन्ही बाजूंनी ज्याच्याबद्दल ठरवलं, तो लोव्हादो. एकट्या 302 ने आणला तर तो लवाद नव्हे, तो त्यांचा माणूस.

302: माझा कोणी माणूस नाहीये. माझी फक्त बादली आहे.

105: मग ते हरित लवाद, कृष्णा पाणीतंटा लवाद? तिथे कोण कोणाला पसंत करतं?

203 वकील: पेपरवाल्यांची सवय. ती न्यायाधिकरणं, कायद्याने बसवलेली. पक्षकारांच्या पसंतीचा तिथे प्रश्नच नाही. खरा लवाद 1996 च्या कायद्यातला, तो संमतीशिवाय होत नाही आणि संमती लेखी लागते. शिवाय लवादांची संख्या सम चालत नाही. एक किंवा तीन. 'माझा एक, तुमचा एक' करून बसायचं नाही.

सेक्रेटरी: निकाल पटला नाही तर?

203 वकील: निवाडा बंधनकारक. तीन महिन्यांत कोर्टात आव्हान देता येतं, पण कारणं मोजकी. 'मला पटलं नाही' हे त्यात बसत नाही.

601 काका: लेखी संमती पेशवाईतही घेत. पंचायतीपुढे जाताना वादी-प्रतिवादी आधी लिहून द्यायचे की पंच सांगतील ते कबूल. त्या कागदाला राजीनामा म्हणत. राजी असल्याचा नामा. आता खुर्ची सोडतानाच आठवतो तो शब्द!

302: वकीलसाहेब, तुम्हीच व्हा मग लवाद.

203 वकील: मी नको. रोज 402 च्या गाडीतून स्टेशनला जातो.

402: काका चालतील आम्हाला.

302: मलाही. फक्त निकाल मराठीत द्या काका.

601 काका: रविवारी 11 ला येतो. प्लंबर मी आणेन, पैसे निम्मे-निम्मे. वरच्या नहाणीत रंगाचं पाणी सोडू, खाली उतरलं की कळेलच. त्याआधी दोघांचे राजीनामे माझ्याकडे द्या.

402: 👍

302: 👍

806: आत्ताच मीटिंगमधून सुटले. राजीनामा कोणी दिला?? सेक्रेटरी सोडतायत का? मेंटेनन्सचा चेक आता कोणाकडे द्यायचा?