आर्ल, एग-मॉर्त, कामार्ग: एका दिवसात?
दक्षिण फ्रान्समधल्या एका दिवसाच्या गाईडेड टूरमध्ये आर्ल, एग-मॉर्त आणि कामार्गची पाणथळ असं तिन्ही जमेल का, या प्रश्नावर थोडी भर. जमतं, पण दमछाक होते. मी तर आर्लचं रोमन अँफिथिएटर बाहेरूनच बघेन आणि वाचलेला वेळ एग-मॉर्तला देईन. फ्रान्सचा राजा नववा लुई १२४८ मध्ये इथूनच क्रुसेडला, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाला निघाला. गावाभोवतीची तटबंदी मात्र नंतरची, त्याच्या मुलाने बांधायला घेतलेली. तिकीट काढून तिच्यावर चढाच. एकीकडे कौलारू गाव, दुसरीकडे गुलाबी मिठागरं! तो रंग खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म शैवालाचा. ते शैवाल आर्टेमिया नावाचे कोळंबीसारखे इवलेसे जीव खातात, त्यांना फ्लेमिंगो मटकावतात आणि पिसांवर गुलाबी रंग चढतो. पिल्लं करडी असतात, त्यामुळे ते वेगळेच पक्षी वाटतात. कामार्गच्या पांढऱ्या घोड्यांचंही तेच, शिंगरं जन्मतः काळपट.

पक्षी निवांत बघायचे असतील तर बुकिंगआधी विचारून घ्या, की पाँ-द-गोच्या पक्षी उद्यानात उतरवणार की नुसतं बसच्या खिडकीतून दाखवणार. उन्हाळ्यात जात असाल तर डासांचं मलम विसरू नका, तिथले डास भयंकर असतात. मिस्ट्रल हा उत्तरेकडचा जोराचा वारा सुटला तर डास कमी, पण टोपी धरून चालावं लागतं.